गाडीच्या तळाचा कापूस

नव्वदच्या दशकात साखऱ्याकडच्या आमच्या भागात कापूस सरकारलाच घालावा लागे. व्यापाऱ्याला विकणं गुन्हा होता. भाव प्रतीवर ठरे आणि प्रत ठरवी खरेदी केंद्रावरचा ग्रेडर.

आमच्याकडे गाडी भरायची एक रीत होती. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस हळदीकुंकू लावून आधी गाडीत जाई. शेवटच्या वेचणीचा, पाला अडकलेला, सगळ्यात वर. गाडी वरून मळकी दिसे.

एका वर्षी हिंगोलीच्या केंद्रावर ग्रेडरने आमच्या गाडीतली वरची मूठ उचलली आणि अख्ख्या गाडीला हलकी प्रत लावली.

"साहेब, खाली हात घाला की. तळाला पहिली वेचणी हाय," आई म्हणाली.

"जे दिसतं त्यावर प्रत लागते, बाई."

"मंग दोन्ही वेगळं मोजा."

"तसा नियम नाही."

मागचा गाडीवाला हसला. "मावशी, चांगला माल तळाला दडवून राहिली काहून? साहेब काय विहीर खांदनार हाय?"

पुढे सरकारी खरेदीचा एकाधिकार उठला. तोवर मी वर्तमानपत्रात लागलो होतो. सरकारी खरेदी हवी म्हणणारे आणि बाजार मोकळा हवा म्हणणारे, दोघांचेही लेख माझ्या टेबलावरून जात. कापसात हात कोण आणि कुठवर घालतो, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

बाजार मोकळा झाल्यावरच्या पहिल्या हंगामात मी गावी होतो. आईने रीत मोडली. पहिली वेचणी वर ठेवली, हळदीकुंकूही वरच वाहिलं. व्यापाऱ्याच्या माणसाने खांद्यापर्यंत हात खुपसून तळाचा पुंजका ओढला.

"हलका हाय."

"वरचा बघा की, दादा."

"वरचा समदेच चांगला ठेवतेत, मावशी. आमी काय आज आलो का?"

"सरकारचा मानूस वरचाच बघत होता."

"म्हनून तर त्याचं दुकान उठलं."

"मंग वेगळं मोजा."

"एवढा टाइम कोनाला हाय? पटत न्हाई तर दुसरीकडं न्या. आता बाजार मोकळा हाय."

आम्ही गाडी आणखी दोन व्यापाऱ्यांकडे नेली. तिथेही हात तळालाच गेला.

शेवटी आईने गाडीवर चढून वरचा कापूस एका जुन्या लुगड्यात बांधला आणि उरलेला व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाने घातला. गाठोडं घरी आलं. त्याच्या गाद्या झाल्या.

तिचं मागणं एवढंच होतं, की चांगल्याला चांगलं म्हणा. सरकारने ते नियमात नाही म्हणून नाकारलं, बाजाराने वेळ नाही म्हणून. पहिल्या वेचणीचा कापूस दोन्ही वेळा पहिल्या प्रतीचाच होता.