झेब्र्याचं शोकपत्रक

रुम्याना दोब्रेवा एकतीस वर्षं शोकपत्रकं छापते आहे. बल्गेरियातल्या आमच्या गावात माणूस गेला की त्याचा फोटो दारावर, खांबावर, झाडावर चिकटतो. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं. निम्मं गाव तिच्याच हातून भिंतीवर गेलं.

तिचा नवरा आसेन. त्याची नजर अधू झाली आहे. काळ्या डांबरावरचे झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे तेवढे त्याला दिसत. त्यांच्या आधारानं तो रोज एकटा रस्ता ओलांडून पाव आणायचा. पट्टे पुसले गेले आणि त्याचं एकट्यानं जाणं थांबलं. दोन वर्षांत रुम्यानानं पालिकेला सात अर्ज दिले.

एकाचंही उत्तर नाही. मग एका रविवारी तिनं रस्त्यावर खडूनं चारी पाय वर केलेला झेब्रा काढला आणि खांबावर शोकपत्रक लावलं: 'आमचा लाडका झेब्रा, वय अकरा, दीर्घ दुर्लक्षानंतर निवर्तला. शोकाकुल: समस्त पादचारी.'

गाव पोट धरून हसलं. खांबापाशी फुलं आली, मृतांना वाहतात तशी सम संख्येत. चाळिसाव्या दिवशी शेजारीण गिन्का साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन हजर.

"अगं, हे काय?"

"चाळिसावा ना आज! जनावर झालं म्हणून काय झालं?"

"गिन्के, मला गहू नकोत. रंग हवाय."

"रंग पालिका देईल. तू खा."

फुलं पाहून परगावच्या गाड्या हळू होऊ लागल्या. इथं कुणीतरी गेलं असावं, असं त्यांना वाटे. पालिकेतल्या वेल्चेव्हसाहेबांनी नेमकं तेवढंच टिपलं.

"अभिनंदन, बाई. धोका संपला. तुमचा अर्ज निकाली."

"आणि पट्टे?"

"गाड्या थांबतायत. मग पट्टे कशाला?"

"माझ्या नवऱ्याला फुलं दिसत नाहीत हो!"

"मग सोबत कुणाला तरी पाठवा."

ती तडक खांबाशी गेली. पत्रकाचा कोपरा फाडलाही.

"हात लावू नकोस!" गिन्का खिडकीतून ओरडली. "शोकपत्रक फाडायचं नसतं. वारापाऊस नेईल तेव्हा नेईल."

पत्रक गेलं की फुलं थांबणार आणि गाड्या पुन्हा सुसाट सुटणार. रुम्यानानं कोपरा परत चिकटवला. सहा महिन्यांचं पत्रकही आता तिलाच छापावं लागणार होतं.

"पट्टे आले?" आसेननं दारातच विचारलं.

"नाही. चल, हात धर."

"हात धरून जायला मी काय बालवाडीत आहे?"

त्यानं पिशवी घेतली आणि हात धरला.