खांद्यावरचा पट्टा

मागच्या रविवारी अंधेरीच्या गाळ्यात माझी चांगलीच जिरली. आणि जिरवली कोणी, तर माझ्या सख्ख्या मेहुण्याने...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीस वर्षं टूलरूममध्ये घासल्यावर मी रिटायर झालो आणि एमआयडीसीत मित्राच्या अर्ध्या गाळ्यात दोन सीटचं छोटं विमान बांधायला घेतलं. विकत घेतलेल्या ड्रॉइंगवरून, हाताने, नळीला नळी जोडत. "घरातला पंखा दुरुस्त करायला ह्याला सहा महिने लागतात आणि हा विमान बनवतोय," असं शुभा, म्हणजे माझी बायको, बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगत असते.

एक सीट माझी, शेजारची शुभाची. पण ती आजवर त्यात एकदाही बसली नव्हती. तिची अट एकच होती... आधी बाळा बसेल, तो बरं म्हणाला तरच मी.

बाळा तिचा धाकटा भाऊ. वजन नव्वद किलो, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, आणि ऐन उमेदीत गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थराला उभा राहायचा. ही अट मला जरा लागली होती, खोटं कशाला बोलू. आकडेमोड मी करायची आणि पास-नापास बाळाने ठरवायचं?

म्हणून मीही तयारीनिशी उतरलो. गोण्यांत वाळू भरली, भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली आणि बाळाच्या सहापट वजन सीटवर रचलं. अर्धा तास ठेवलं, सीट हूं की चूं करेना. गोण्या काढून पट्टी लावून बघितलं, कुठे वाकली नव्हती.

गादीसुद्धा मुद्दाम पातळ आणि कडक घेतली होती. मऊ गादी धक्का बसला की एकदम दबते आणि माणूस खालच्या पत्र्यावर आपटतो... हे मी दोघांना चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. शुभाने मान डोलावली आणि मी खूश झालो.

मग बाळा बसला. कमरेचा पट्टा आवळला, खांद्यावरचे दोन्ही आवळले आणि पुढे झुकून बघितलं. पुन्हा झुकला. मग नुसताच बसून राहिला.

"भावोजी, ह्यो पट्टो माका खाली दाबता."

मी म्हटलं, "आवळलाय म्हणून रे. पट्टा तुटणार नाही, गॅरंटी माझी."

"तुटायचं कोण बोलतंय? तुम्ही बसा ना जरा."

मी बसलो, बाळा मागे गेला. माझे खांद्यावरचे पट्टे सीटच्या पाठीमागून खाली जाऊन विमानाच्या तळाच्या नळीला अडकवलेले होते. त्याने ते धरून खाली खेचले, तशी खांद्यापासून कमरेपर्यंत एक कळ गेली. मग तेच पट्टे सोडवून त्याने खांद्याच्या रेषेत सरळ मागे ओढले. मी फक्त पाठीला टेकलो, मणक्यावर काहीच आलं नाही.

"जोरात पुढे आपटलात की पट्टा ताणणार, खांदे खाली जाणार. सगळा लोड कमरेत," बाळा म्हणाला.

हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सरावात वरचा थर सटकला आणि एक जण थेट त्याच्या खांद्यांवर येऊन बसला. मणका दबला. तीन महिने तो पलंगावर होता, आणि त्याची कूस बदलायला रोज मीच जायचो. आजही तो शर्टाच्या आत कंबरपट्टा बांधतो... आणि हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या माझ्या ते लक्षात येऊ नये!

खरी लाजेची गोष्ट तर पुढे आहे. मूळ ड्रॉइंगमध्ये खांद्याच्या उंचीला एक आडवी नळी होती, पट्टे तिलाच अडकवायचे होते. ती मीच काढून टाकली होती. किलोभर वजन वाचत होतं, मागे बॅगेला जागा होत होती, आणि तळाची नळी जास्त जाड म्हणजे जास्त सेफ, असा माझा शहाणपणा.

हे कबूल केल्यावर शुभा म्हणाली, "म्हणजे आपटलो असतो तर सीट वाचली असती. मी नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवेना. इतके महिने मी ती सीट तिच्यासाठीच तर बांधत होतो.

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. ड्रॉइंगप्रमाणे नळी परत बसवली, जोड तपासून घेतले. या वेळी वाळूच्या गोण्या कप्पीवरून थेट पट्ट्यांना बांधल्या आणि त्यांना पुढे खेचू दिलं. मग काल दोघांना पुन्हा बोलावलं.

बाळा बसला, झुकला, उतरला. "बस ताई," एवढंच म्हणाला.

शुभा ओढणी सावरत चढली. पट्टे स्वतः आवळले, दोनदा पुढे झुकली, आणि समोरच्या बंद शटरकडे बघत बसून राहिली. मी पाना हातात धरून उभा... शाळेत रिझल्टच्या दिवशी उभा राहायचो तसा.

"गादीचं कव्हर निळं घे," ती म्हणाली. "पांढरं मळतं."

इंजिन बाकी आहे, परवानग्या बाकी आहेत, उडायला अजून किती दिवस लागतील देव जाणे. पण कव्हरचा रंग सांगितला, म्हणजे ती येणार. इतक्या महिन्यांत मला काल पहिल्यांदा शांत झोप लागली.

बाळा, हे तू वाचशीलच. त्या तीन महिन्यांत कूस बदलली की दर वेळी म्हणायचास, "भावोजी, तुमचे उपकार कसे फेडू?" फिटले रे... आता माझ्यावर चढलेत.