एका पाण्यात तीन तास

कुठलंही भांडं दिसलं की आधी त्यावर नखानं टिचकी मारायची, कान तिरका करायचा आणि मगच झाकण उघडायचं, अशी आमच्या सरांची सवय होती. शिक्षकखोलीतला माठ, पोरांच्या बाटल्या, अंगणातली टाकी, कुणाचीच सुटका नव्हती. "उतरलंय, मॅडम," ते म्हणायचे, आणि झाकण काढलं की तळाशी पेलाभर पाणी दिसायचं. असा टिचक्या मारत फिरणारा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल आणि त्याला थोडा चक्रमच समजला असाल. मीही सुरुवातीला तेच समजत होते.

पडेगावच्या आमच्या शाळेत ते चौथीला शिकवत, मी तिसरीला. ते पिशोरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मी शहरातली, वडील कचेरीत. आमच्या वर्गांमध्ये नुसतं पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळं त्यांचे सगळे तास मला फुकटात ऐकायला मिळाले. त्या वर्षांत पावसानं पाठ फिरवली होती, आणि शाळेभोवती मात्र प्लॉट पडत होते, इमारती उठत होत्या. टँकर आधी तिकडं वळायचा, मग जमलं तर शाळेकडं.

चित्रकला, संगीत आणि विज्ञान सर एकामागून एक घेत. "एका पाण्यात तीन तास," हे त्यांचं पालुपद. पोरं आधी रंगकाम करत. ब्रश धुतलेलं पाणी फेकायचं नाही, शहागंजच्या जुन्या बाजारातून आणलेल्या चिनी मातीच्या सात वाडग्यांत ओतायचं. कमीजास्त पाणी घालून सर वाडगे सुरात लावत आणि पोरं काड्यांनी सारेगम वाजवत. हिरवा सा, तांबडा रे, मातकट ग. मग वाडगे खिडकीत ठेवून द्यायचे. शनिवारी भरलेले वाडगे सोमवारी वाजवले की सूर चढलेला असायचा. सर विचारत, सूर चढला म्हणजे काय झालं? पाणी उडालं, असं सगळा वर्ग ओरडून सांगायचा. बाष्पीभवन हा शब्द माझ्या तिसरीच्या पोरांनाही पत्र्यापलीकडून पाठ झाला.

एकदा ढगांचा धडा चालू असताना बाहेर खरोखरच चार थेंब पडले. सरांच्या गावाकडं पावसाला पाणीच म्हणतात. ते हरखून म्हणाले, "पाणी आलं रे!" झालं, सगळा वर्ग बाटल्या घेऊन फाटकाकडं पळाला, टँकरला नंबर लावायला. टँकर कुठला असणार? पोरं त्या थेंबांत उभी राहून रस्त्याकडं बघत होती. आभाळाकडं एकाचंही लक्ष नव्हतं. सर पोट धरून हसले. मग व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वर बघायचं शिकवायचंच राह्यलं, मॅडम."

उन्हाळ्याच्या तोंडाला वरून सूचना आली. मुलांचं वाचन कच्चं आहे, तेव्हा चित्रकला आणि संगीताचे तास वाचनाला द्यावेत. सर हेडमास्तरांच्या मागंच लागले. साहेब तपासणीला येतील तेव्हा त्यांनी एकदा पोरांचं वाजवणं ऐकावं, मग तास ठेवायचे की काढायचे ते ठरवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. हेडमास्तर कबूल झाले, पण साहेबांसमोर ते गढूळ पाणी नको म्हणाले. स्वच्छ पाणी भरा.

तपासणीच्या दिवशी टँकर आलाच नाही. टाकीतलं उरलंसुरलं पाणी सरांनी सकाळीच वाडग्यांत घालून सूर लावून ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर साहेब आले, खुर्चीत बसले. मुलं ओळीनं उभी राहिली. सरांनी पहिल्या वाडग्यावर काडी मारली, तर कोरडाच आवाज आला. दुसऱ्यावरही तसाच. सर आत डोकावले.

पाणी कुठं गेलं, त्यांनी विचारलं. आवाज जराही चढवला नाही.

एक मुलगी पुढं झाली. तिचे आईवडील समोरच्या इमारतीवर बांधकामाला होते. "सर, मी सा पेले," ती म्हणाली.

मग बाकीच्यांनाही धीर आला. "मी रे पेलो." "ग आमी दोघी पेलो." असं करत पार नीपर्यंत कबुली झाली.

साहेबांना हसू आवरेना. सर हसले नाहीत. मधला एक वाडगा सकाळी भरला होता तसाच होता.

"अन् म का ठेवला?"

"तुमच्यासाठी, सर," ती मुलगी म्हणाली. "तुमी बी सकाळपासून पाणी नाय पेले."

सरांनी त्या वाडग्यावर काडी मारली. एकच सूर वर्गात फिरला आणि विरून गेला. त्यांनी काडी खाली ठेवली. मी दारातून नुसती बघत होते. पोरांना रागवावं तर कशासाठी, आणि साहेबांना समजवावं तर काय? कल्पना छान आहे, पण आधी पिण्याच्या पाण्याचं बघा, असं म्हणून साहेब उठले. त्यांचं तरी काय चुकलं?

तास गेले. पुढं पाऊस झाला, टाकी भरली, तास मात्र परत आले नाहीत. सरांची बदली बिडकीनकडं झाली. वाडगे खिचडीच्या खोलीत गेले आणि एकेक करून फुटले. म तेवढा सरांनी जाताना माझ्या हातात दिला होता. "हा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," म्हणाले, "पोरांनी लई जपलाय."

सर गेल्याचं मला मागच्या वर्षी पिशोरच्या एका मास्तरांकडून कळलं. मी आता निवृत्त झाले आहे आणि शाळेसमोरच्या त्याच इमारतीत राहते. नळाला चार-आठ दिवसांनी कधीतरी पाणी येतं. जिन्यात कुणीतरी हाक देतं, पाणी आलं. मी बादल्या भरते, पिंप भरते आणि शेवटी त्या वाडग्यात थोडं पाणी ओतते. नखानं टिचकी मारते, कान तिरका करते. आणखी थोडं ओतते, थोडं काढते. काहीतरी वाजतं. तो म आहे का, ते मला ओळखता येत नाही, आणि आता विचारू तरी कुणाला?