धक्क्यावरची मोजणी

नांदेडच्या कॉलेजात या आठवड्यात आम्हाला वाहतूक मोजणीचे कोरे तक्ते मिळाले. नव्या कागदाचा वास आला आणि मला आमच्या गावचा, गोदावरीकाठचा नावेचा धक्का आठवला.

एका पुरात तो वाहून गेला होता. हायस्कूल नदीपलीकडे होतं. नावेत चढायला गुडघाभर चिखल तुडवावा लागे. धक्का पुन्हा बांधणं परवडेल का, हे बघायला एक साहेब आले. दिवसभर बाभळीखाली बसून त्यांनी पलीकडे जाणारी माणसं मोजली. सातच भरली.

"रोज एवढीच जातात?"

"न्हाई साहेब, लई जातात," बाबा म्हणाले. "आज तुम्ही आलात म्हणून समदे थांबले. पाहुण्याला सोडून कसं जावं?"

साहेब हसले. "मला दिसलं तेवढंच लिहिता येतं, मामा."

धक्का झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात माझ्या दोन मैत्रिणींची शाळा सुटली. तेव्हा मला साहेबांचा राग आला होता. आता वाटतं, मीही कदाचित सातच लिहिलं असतं. त्या दिवशी धुतलेला गणवेश घालून, शाळा बुडवून, मीसुद्धा साहेबांना बघायला काठावरच उभी होते.