पायगुण आणि कार्यकारणभाव

लग्न होऊन मी करंजाड्याहून घणसोली गावात आले आणि दोनेक महिन्यांत जवळच्या महाप्याची एक कंपनी बंद पडली. नवरा तिथे मशीनवर होता. गावाने निकाल लगेच लावला: सून पांढऱ्या पायाची. मी बी.ए. झालेली, तोंडाने फटकळ, पण या एका शब्दापुढे गप्प व्हायचे. आपल्या पायांची बाजू मांडायची तरी कशी?

सासूबाई स्वतः मला कधी टाकून बोलल्या नाहीत. बायका त्यांच्यासमोर बोलत आणि त्या नुसत्या ऐकून घेत. नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा चुलतसासूंनी सांगून टाकलं, हळदीला मी पुढे यायचं नाही, जेवणाकडे बघायचं. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. घरातल्या एकुलत्या एक वहिनीने नवरीला हळद लावायची नाही, म्हणजे तिला घरातली मानायचंच नाही. मला ते फार लागलं.

त्याच सुमारास गावच्या मंडळाने शाळेत व्याख्यान ठेवलं. वाशीचे एक निवृत्त प्राध्यापक ‘कार्यकारणभाव, काळ आणि विवेक’ यावर बोलणार होते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून घरटी एक तरी बाई यावी, असा निरोप फिरला. सासूबाईंना त्या लांबलचक शब्दातला फक्त भाव कळला. “कसला भाव गो? जागंचा?” असं विचारून त्या चांगलं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाल्या.

प्राध्यापक सोपं बोलले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याला धरतो, म्हणाले. एखादी गोष्ट ‘नंतर’ झाली म्हणजे ती ‘मुळे’ झाली, असं नाही. शेवटी त्यांनी प्रश्न मागितले. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मीच उभी राहिले.

“नवी सून घरात आली आणि नवऱ्याची कंपनी बंद पडली, तर काय समजायचं?”

मागे खुसखुस झाली. प्राध्यापकांना आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून उत्तर सरळ आलं. “त्या कंपनीतल्या सगळ्यांच्याच घरी नवी सून आली होती का?” लोक हसले. “आणि क्रम बघा. कारण आधी, परिणाम नंतर. कंपनीला घरघर सुनेच्या आधीच लागली असेल, तर सून कारण कशी होईल?”

घरी येताना सासूबाई तळ्यापाशी थांबल्या.

“आदीच लागली होती,” त्या म्हणाल्या. “तुजा साखरपुडा झाला तवाच अर्धी मानसं घरी बसवली होती. तुज्या बापाला सांगितलं असतं तं त्यानं पोरगी दिली नसती.”

“आणि बायका मला बोलत होत्या तेव्हा?”

“लोक तुजे पाय बगत होते. तवर आमची लबाडी कोनाला दिसत नव्हती.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, “आई, हे आता चारचौघींत सांगा. नाहीतर हळदीच्या दिवशी मी माहेरी असेन.” त्या पदर सावरून चालू लागल्या.

हळदीला मांडव बायकांनी भरला होता. माहेरी न जाता मी मुद्दामच पुढे जाऊन उभी राहिले. चुलतसासू म्हणाल्या, “ही नको.” सासूबाईंनी हळदीची वाटी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कंपनी बुडत होती ते आमाला लगनाआदी ठावं होतं. आमी लपवलं. हिच्या पायाचं काय नाय.”

मी नणंदेच्या गालाला हळद लावली आणि माझे डोळे भरून आले. “मान मिलाला, आनंदानं रडतंय बिचारी,” एक बाई शेजारणीला म्हणाली. तिचंही कारण चुकलंच होतं. मला भयंकर राग आला होता.