नूरोआ पापुआला दोनदा गेली

माझी आत्या नूरोआ ही इओताम नावाच्या तरुणाच्या गाण्यावर भाळली. तो ख्रिस्ती धर्मशिक्षक होऊन पापुआला निघाला होता. पॅसिफिकमधल्या आमच्या मांगाया बेटावरून तिकडे गेलेली बहुतेक जोडपी तापाने तिकडेच संपली होती. आजोबांनी तिला विचारलं, "परत आलेल्या एकीचं तरी नाव सांग." तरी लग्न करून ती त्याच्याबरोबर गलबतात चढली.

पापुआच्या किनाऱ्यावर दोघांनी पानांनी शाकारलेलं प्रार्थनाघर उभारलं. गेउआ नावाची शेजारीण आत्याला चिडवायची, "तुझा नवरा देवाशी बोलतो, पण डोळा तुझ्यावर असतो." मुलगी झाली, आणि वर्षाच्या आत तापाने गेली. इओतामने स्वतः खड्डा खणला आणि देवाने दिलं, देवानेच नेलं म्हणत त्याचे आभार मानले. आत्या तिथून उठून गेली. त्यानंतर प्रार्थनेत तिचे ओठ हलले नाहीत. ते त्याने पाहिलं, पण त्यावरून तिला कधी दोष दिला नाही.

मग तोही तापाने फणफणला. औषध खाडीपलीकडच्या दुसऱ्या धर्मशिक्षकाकडे होतं. समुद्र खवळलेला, पुरुष होडी काढायला तयार होईनात. गेउआ म्हणाली, "माझी पोरंही ह्याच तापाने नेली. चल, मी येते."

दोघींनी त्याला होडीत निजवलं आणि वल्ही मारत निघाल्या. प्रवाळाच्या खडकांवर लाटेने होडी उलटवली. दोघींनी पाण्यात राहून ती सरळ केली, त्याला पुन्हा वर घेतलं. पलीकडचा किनारा दिसू लागला तेव्हा त्याचा श्वास तुटायला लागला होता.

"प्रार्थना म्हण," तो म्हणाला.

"माझा विश्वास नाही उरला."

"ठाऊक आहे मला. रागावूनच म्हण. मला तुझा आवाज ऐकायचाय."

वल्हं न थांबवता तिने प्रार्थना म्हटली. ती संपायच्या आत तो गेला.

मांगायाला परतल्यावर हे सगळं तिने मला सांगितलं. मी तेव्हा लहान होते, म्हणूनच सांगितलं असेल. चर्चमध्ये तिने पापुआतल्या कामाबद्दल चार शब्द बोलावेत असं सगळ्यांना वाटे. ती मागच्या बाकावरून उठत नसे. घरात तिचं मन लागेना. पुढचं गलबत पापुआला निघालं तेव्हा तिने बोचकं बांधलं. आमच्या पाद्रीबाबांनी विचारलं, "देवाच्या कामासाठीच जातेयस ना, पोरी?"

"गेउआकडे जातेय. माझी दोन माणसं तिथल्या मातीत आहेत. देव तिथे असला तर भेटेल."

तिथे ती गावातल्या आजाऱ्यांची सेवा करत राहिली. काही वर्षांनी तीही तापानेच गेली. बातमी आली तेव्हा आजोबा पार थकले होते. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, एवढंच त्यांनी विचारलं. गेउआ होती, असं कळलं. मग आजोबा मला म्हणाले, त्या बाईसाठी घरच्या माणसाला देतो तशी एक चांगली चटई विणून पाठव.