बोरीवलीच्या खोलीचा मॅनेजर

माझ्या घरात परक्या माणसाला मीच स्वतःच्या हस्ताक्षरात बसवून दिलं. कुणी फसवलं म्हणावं, तर तेवढीही सोय नाही. पत्र मी लिहिलं, खाली सहीसुद्धा वळणदार केली.

तेव्हा आम्ही अंधेरीला राहायचो. ऑफिसातून कर्ज काढून मी बोरीवलीला वन-रूम-किचन घेतलं होतं, भाड्याने द्यायला. त्या स्वयंपाकघरात दोघी एकदम वळल्या तर एकीला बाहेर यावं लागे. पण ऑफिसात मी त्याला ‘माझी प्रॉपर्टी’ म्हणायची. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, असं सगळे घाबरवत. म्हणून मी चक्क मॅनेजर नेमला. निवृत्त गृहस्थ, सफारी सूट, काखेत फाइल. मुलाखतही घेतली, प्रश्न कागदावर काढून. काय तो माझा रुबाब!

आठवड्याभरात ते म्हणाले, “मॅडम, रिकाम्या जागेत कुणीही घुसतं. चांगला भाडेकरू मिळेपर्यंत मी मिसेसना घेऊन तिथे राहतो.”

त्यांचा त्याग बघून मला भरून आलं.

“आणि रॉकेलसाठी कांदिवलीला भावाकडे जावं लागतं. रेशनकार्ड इथल्या पत्त्यावर केलं तर? तुमचं एक पत्र लागेल.”

दिलं. रेशनकार्डावर पत्ता चढला की माणूस त्या जागेतून हलत नाही, हे आमच्या भांडीवालीलाही ठाऊक होतं. मी पडले पदवीधर.

चांगला भाडेकरू काही मिळेना. एकाची नोकरी कच्ची, दुसऱ्याला पोरं फार, तिसऱ्याची नजर बरी नाही. किती चोखंदळ माणूस, म्हणून मी कौतुक करत राहिले. सहा महिन्यांनी गेले, तर दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, “काही काम होतं का?”

घरी आल्यावर आमचे यजमान म्हणाले, “कर आता कोर्टात केस. निकाल नातवंडं ऐकतील.”

सासूबाई तेव्हा मालवणहून चार दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, ट्रंक उचलली आणि बोरीवली गाठली. मालकिणीच्या सासूला दारातून कोण घालवणार? एकुलत्या एका खोलीत मधोमध अंथरूण, पहाटे चारला खड्या आवाजात आरत्या, आणि दोन वेळा भाजलेले सुके बोंबील. मॅनेजर पक्के शाकाहारी. दहाव्या दिवशी बिऱ्हाड कांदिवलीला परत गेलं. रेशनकार्डाचा पत्ता बदलायलाही सासूबाई त्यांच्याबरोबर जातीने रेशनच्या ऑफिसात गेल्या.

मी पेढे घेऊन धावले. “आई, जिंकलात! चला घरी. आता भाडेकरू बघते.”

सासूबाई खिडकीत पाय पसरून बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

“हंय हवा बरी आसा गो. मी आता हंयच रवतंय. तुका येवचा असात तर आदी सांगान ये.”